स्टीव्ह मूरवरील हल्ल्यामुळे टॉड बर्टुझीची आइस हॉकी कारकीर्द संपली का?

नाही, कारकीर्द संपली ती मूरची. बर्टुझी त्यानंतरही २०१४ पर्यंत एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, खेळत राहिला. १६ फेब्रुवारी २००४ रोजी कोलोरॅडो संघाच्या मूरने बर्टुझीच्या व्हँकुव्हर संघाचा कर्णधार मार्कस नासलुंड याला दिलेल्या धडकेचा राग मनात ठेवून ८ मार्चच्या सामन्यात, व्हँकुव्हर २-८ असे मागे असताना, बर्टुझीने मूरची जर्सी मागून पकडली, त्याच्या डोक्यावर ठोसा मारला आणि दोघेही बर्फावर कोसळले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले आणि तो पुन्हा एनएचएलमध्ये दिसला नाही. बर्टुझीने डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण त्याला तुरुंगवास झाला नाही. एक वर्षाची देखरेख आणि ८० तास समाजसेवा एवढ्यावर, माझ्या मते फारच स्वस्तात, प्रकरण निभावले.

लीगने घातलेली बंदी कागदावर सतरा महिन्यांची दिसते खरी, परंतु त्यातला २००४-०५ चा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे मुळात झालाच नाही, त्यामुळे एनएचएलमधले त्याचे प्रत्यक्षात फक्त २० सामने बुडाले. २००६ च्या ऑलिंपिक संघातही कॅनडाने त्याला घेतले. मात्र २००२-०३ मधील ४६ गोलांचा बर्टुझी पुन्हा दिसला नाही, हेही मान्य करावे लागेल. त्याला पुढे झालेल्या पाठीच्या दुखापतीमुळे या घसरणीचा सगळा दोष त्या एका रात्रीवर टाकता येत नाही. मूरचा नुकसानभरपाईचा दावा २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. रक्कम गोपनीय ठेवण्यात आली.