हॅम रेडिओवर रोज बुलेटिन वाचायचं असेल तर फ्रिक्वेन्सी "आपली" करून ठेवता येते का?

तुम्ही लिहिलंय की लायसन्स नवीन आहे, रोज रात्री आठला हॅम लोकांसाठी (हौशी रेडिओवाल्यांसाठी) पाच-सात मिनिटांचं बुलेटिन वाचायचंय, तर ती वेळ आणि फ्रिक्वेन्सी आपल्या नावावर करता येते का. नाही येत. ती कोणाचीच नसते, आणि बुलेटिनवाल्याची तर सगळ्यात कमी, कारण बाकीचे दोघं बोलतात ते एकमेकांचं ऐकतात तरी, आपण नुसतं वाचून राह्यलेलो असतो.

माझंच सांगतो. नागपुरात दोन मीटर बँडच्या रिपीटरवर (आपला सिग्नल पकडून पुढे लांब पाठवणारं सगळ्यांचं सामायिक स्टेशन) मीही हौसेनं सुरू केलं होतं, धरमपेठेत गच्चीवर अँटेना, हातात दोन पानं, सोलर फ्लक्स (सूर्याच्या रेडिओ लहरींचा आकडा), कॉन्टेस्टच्या तारखा, कुठलं सॅटेलाइट कधी डोक्यावरून जाणार वगैरे, आणि पीटीटी, म्हणजे बोलायचं बटन, दाबली ती दाबलीच. आता रिपीटरला टायमर असतो, आमचा तीन मिनिटांचा होता, कोणी सलग धरून ठेवलं की तो पुढे पाठवणंच बंद करतो, आणि आपण बोलत असताना आपला रिसीव्हर बंद, म्हणजे आपल्याला पत्ताच नाही. मी सगळं वाचलं, शेवटचं ७३ (हॅम लोकांचा "शुभेच्छा"चा कोड) पण अगदी ठसक्यात. बटन सोडलं तर एक सीनियर काका म्हणतात, "सोलर फ्लक्सपर्यंत ऐकलं भाऊ, मंग तू गेला कुठं बे?" वर कामठी रोडवरून एक जण गाडीतून ब्रेक, म्हणजे मधे बोलायची संधी, मागत होता, बिचाऱ्याला फक्त पत्ता विचारायचा होता, पण मी रिपीटर अडवून बसलेलो.

तेव्हापासून दर वीस-तीस सेकंदांनी बटन सोडतो, टेल (बटन सोडल्यावर रिपीटर थोडा वेळ चालू राहतो ते शेपूट) पडू देतो, दोन-तीन सेकंद ऐकतो, मग पुढचं वाक्य.

चाळीस मीटरच्या बँडवर अजून बेकार. संध्याकाळनंतर ७ मेगाहर्ट्झवर जवळचं स्टेशन स्किपमध्ये जातं (लहर वरून लांब जाऊन पडते, जवळ ऐकू येत नाही), बोलणारा भंडाऱ्याचा असतो, तो आपल्याला ऐकूच येत नाही, आपण म्हणतो रिकामी आहे, आणि त्याला ऐकणारा बंगळुरूचा, त्याच्या कानात आपण धाडकन पडतो. म्हणून आधी मिनिट-दोन मिनिटं नुसतं ऐका, मग कॉलसाइन (लायसन्सवरचं आपलं सांकेतिक नाव) देऊन दोनदा विचारा, फ्रिक्वेन्सी वापरात आहे का. कोणी हो म्हटलं तर सरका, आणि एसएसबी (या बँडवर आवाज पाठवायची पद्धत) जवळपास ३ किलोहर्ट्झ जागा खाते त्यामुळे एक किलोहर्ट्झ बाजूला होणं म्हणजे सरकणं नाही. ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झच्या आसपास तर बुलेटिन नकोच, इमर्जन्सीची जागा आहे ती.

लोक लगेच अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या डब्ल्यू१एडब्ल्यू स्टेशनचं नाव घेतात, ते ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बुलेटिन पाठवतं हे खरंय, तिथल्या नियमात हॅमसाठीच्या एकतर्फी बुलेटिनला जागा आहे, पण कुठलीच फ्रिक्वेन्सी एका स्टेशनच्या हक्काची नाही हेही त्याच नियमात आहे. आणि आपलं लायसन्स म्हणजे आकाशवाणी नाही, पेपरच्या बातम्या, गाणी, कोणाच्या दुकानाची जाहिरात, काहीच चालत नाही. माझं ऐकाल तर बुलेटिन नकाच म्हणू, छोटं नेट (ठरलेल्या वेळची हॅम लोकांची बैठक) ठेवा, आधी चेक-इन, म्हणजे हजेरी, घ्या, मधे दोन मिनिटं माहिती, मग प्रश्न, म्हणजे कोणी ऐकतंय का तेही कळतं.

आणि आठला तिथे गप्पा रंगलेल्या असल्या तर "आमची वेळ झाली" म्हणू नका, थांबा. मी एकदा चाळीस मिनिटं थांबलो होतो, दोघं जण एलईडी बल्बमुळे रेडिओत येणाऱ्या नॉइजवर बोलत होते, शेवटी पानं बाजूला ठेवली आणि मीच त्यांच्यात घुसलो, माझ्याकडे नॉइज करणारा जिन्यातला बल्ब तेव्हा सापडला.