डीड वाचल्याशिवाय घर घेऊ नका

शिकागोत घर बघताय ना? मग एक समज आधी मनातून काढा. असेसरच्या (करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) साइटवर मालकाचं नाव दिसलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. ते कराचं दप्तर. आपला सातबारा जसा मुळात महसुलाचा कागद, तसंच. मालकी शोधायची डीडमध्ये, म्हणजे मालकी एकाकडून दुसऱ्याकडे देणाऱ्या कागदात. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथे डिसेंबर २०२० पासून डीड नोंदवायचं काम काउंटी क्लर्ककडे आहे.

नुसत्या पत्त्यावर विसंबू नका. कराच्या बिलावरचा १४ आकडी पिन (त्या मालमत्तेचा क्रमांक) घ्या आणि त्यानेच शोधा. मग आजच्या मालकापासून मागे जात राहा. देणारा तो ग्रँटर, घेणारा तो ग्रँटी. आधीच्या डीडमधला ग्रँटीच पुढच्या डीडमध्ये ग्रँटर हवा. साखळी तुटली तर थांबा. कधी वारसाहक्क असतो, कधी लग्नानंतर बदललेलं नाव, पण खात्री करूनच पुढे जा. १८७१च्या शिकागोच्या आगीत आधीचे कागद जळाले, त्यामागे जायची धडपड नको.

क्विटक्लेम डीड दिसलं तर जास्त जपून. 'माझा जो काही हक्क असेल तो दिला,' एवढंच त्यात असतं. हक्क होता याची हमी नसते.

मॉर्गेजची, म्हणजे घरावरच्या कर्जाची नोंद दिसली तर रिलीजही (ते कर्ज फिटल्याचा कागद) नोंदलाय का बघा. माझ्या वेळी आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं होतं, पण रिलीज नोंदलेलाच नव्हता. क्लोजिंग (खरेदीचा शेवटचा व्यवहार) तीन आठवडे लांबलं, सामान खोक्यांत पडून!

आणि बँकेसाठी काढलेला टायटल इन्शुरन्स (मालकीहक्कात खोट निघाली तर भरपाई देणारा विमा) बँकेलाच वाचवतो. स्वतःसाठी ओनर्स पॉलिसी वेगळी घ्या.