हुपरीची चांदी, खिद्रापूरचे खांब आणि चष्म्याची फ्रेम

प्रश्न : आमचं हुपरीत पिढीजात चांदीकाम आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. खिद्रापूरच्या देवळावरून चष्म्याच्या फ्रेम घडवायच्या, हेच तिच्या डोक्यात आहे. चष्म्याचे दुकानदार म्हणतात ऑप्टोमेट्री करा, तिचे सर म्हणतात डिझाइन करा. काय करावं?
– एक पालक, हुपरी (जि. कोल्हापूर)

उत्तर : नमस्कार. आधी ऑप्टोमेट्रीचा विषय संपवू. इंटर्नशिप धरून चार वर्षांचा हा अभ्यासक्रम डोळे तपासायला, नंबर काढायला शिकवतो. फ्रेम घडवणं त्यात येत नाही. मुलीला तपासणीत रस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

फ्रेम हे प्रॉडक्ट डिझाइनचं काम आणि त्याच्याही आधी हातकामाचं. करवतीने आतली नक्षी कापणं, कानस, रिव्हेट (जोडाची खिळी), बफ (चकाकी आणणारं फिरतं चाक) हे सगळं तुमच्या घरात आहेच. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरात चष्म्याचा धंदा 1796 मध्ये खिळे करणाऱ्या एका कारागिराने सुरू केला. जपानमधल्या साबाए भागात तो 1905 मध्ये शेतकऱ्यांचा हिवाळ्यातला जोडधंदा म्हणून रुजला. त्यामुळे मुलीची कल्पना मला अजिबात हवेतली वाटत नाही.

मात्र अख्खी फ्रेम चांदीची करायचा मोह टाळा. अ‍ॅसिटेट या फ्रेमच्या नेहमीच्या प्लास्टिकची घनता 1.3, टायटॅनियमची 4.5 आणि चांदीची 10 च्या वर. अशी फ्रेम नाकावरून घसरते, रोजच्या काढघालीत वाकते. चांदी रिव्हेटला आणि दांडीवरच्या बारीक पट्टीला वापरा, बाकी अ‍ॅसिटेट.

आता खिद्रापूर. तिथली वेलबुट्टी जशीच्या तशी फ्रेमवर कोरू नका, रेघांमध्ये घाम आणि मळ बसतो. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या खांबांत चौरस, अष्टकोन आणि गोल असे आकार आहेत, ते घ्या. बिजागरीपाशी चौरस, मध्ये अष्टकोनी आणि कानामागे गोल अशी दांडी करता येते. 145 मिमी लांब आणि 4 बाय 4 मिमी जाड दांडीचा प्रत्येक कोपरा दोन्ही बाजूंनी 1.17 मिमी आत मोजून तिरका उडवला की 1.66 मिमी बाजूचा अष्टकोन मिळतो. दांडीच्या पोटात साधारण 1.3 मिमी जाडीची धातूची तार असते. दांडी गरम करून ती आत घुसवतात आणि त्यात ती एका अंगाला सरकू शकते. तसं झालं असेल तर कानस चालवता चालवता तार उघडी पडते. म्हणून दांडी उजेडासमोर धरून तार मध्यावर आहे ना ते बघावं, मगच घासायला घ्यावं. कारखान्यात गुळगुळीतपणासाठी फ्रेम लाकडाच्या तुकड्यांसोबत काही दिवस ड्रममध्ये फिरवतात. त्यात कडा मारल्या जातात आणि अष्टकोनाचा नुसता बोथट गोळा उरतो. तेव्हा पैलू ड्रमनंतर पाडायचे, 400, 800, 1200 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे आणि बफ हलक्या हाताने, एका जागी न थांबवता लावायचा. देवळाची आठवण फ्रेममध्ये राहते की नाही, हे याच टप्प्यावर ठरतं.

परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिला एक साधी गोल फ्रेम करू द्या. 6 मिमी जाडीचा अ‍ॅसिटेट शीट आणा. अ‍ॅक्रिलिक नको, ते वाकवताना तडकतं. ताज्या शीटमध्ये द्रावक उरलेला असतो. तो उडाला की शीट आकसतो आणि भिंगाचं माप चुकतं. म्हणून कापलेला तुकडा काही आठवडे तसाच ठेवा. भिंगाची जागा 46 मिमी, ब्रिज म्हणजे नाकावरचा जोड 20 मिमी धरा. आधी आतली दोन वर्तुळं कापा, मग तुमच्या हातमोटरला कटर लावून भिंग अडकायला सुमारे 1 मिमी खोल खाच पाडा, बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. तो आधी कापला तर पकडीत धरायला काही उरत नाही. नाकावर टेकणारे तुकडे अ‍ॅसिटोनने चिकटवून पुरते वाळू द्या. ब्रिज गरम करूनच वाकवा. थंड असताना वाकवला तर पांढरी रेघ उमटते, जास्त तापला तर आत बुडबुडे येतात, आणि हे दोन्ही दोष पॉलिशने जात नाहीत.

प्रवेशाचं सांगायचं तर यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई जानेवारीत घेते, एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) वेगळी असते. दोन्हींना बारावीची कोणतीही शाखा चालते. यूसीड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, म्हणून तयारीशिवाय पहिली संधी वाया घालवू नका. जागा नाही मिळाली तर आयटीआयचा टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. बिजागरीची भोकं दर वेळी एकाच जागी पाडायला लागणारा जिग (हत्याराला वाट दाखवणारा साचा) कसा करायचा, हे तिथेच नीट समजतं. माझ्या मते घरचं काम पाठीशी असलेल्या मुलीसाठी ही दुय्यम वाट नव्हे.

पहिली फ्रेम झाली की ओळखीच्या दुकानात भिंगं बसवायला द्या आणि मुलीला शेजारी उभी करा. भिंग सहज निघत असेल तर खाच उथळ आहे. बसवताना ब्रिज ताणला जात असेल तर आतलं वर्तुळ लहान पडलंय. दोन्ही मापं वहीत लिहून दुसरी फ्रेम सुरू करायची.