लाइन गेली, आली, सर्व्हर परत उठला. मग फाईलचं कुलूप कोणाकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिनिंगवर (कापसाच्या कारखान्यात) चार कॉम्प्युटर, दोन उबंटूचे (लिनक्सचा एक प्रकार) आणि दोन विंडोजचे. चौघेही एकाच उबंटू सर्व्हरच्या एकाच फोल्डरला जोडलेले, उबंटूवाले एनएफएसने आणि विंडोजवाले साम्बाने (नेटवर्कवरून फाईल वापरायचे हे दोन रस्ते). लाइन जाऊन आली की दीडेक मिनिट फाईल अडकून बसते, कधी ‘दुसऱ्याने उघडली आहे’ असं येतं, आणि एकदा वजनकाट्यावरच्या नोंदीच गायब झाल्या. तर फाईलचं कुलूप, म्हणजे एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लावलेली अडवणूक, सर्व्हरकडे असतं की मशीनकडे?

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. गायब नोंदींचं आधी सांगतो, कारण बाकी दोन्हींत नुसता वेळ जातो, यात पैसा जातो.

मी वणी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात जिनिंगवाल्यांचे कॉम्प्युटर पाहतो. तीन हंगामांपूर्वी एका ठिकाणाहून संध्याकाळी फोन आला. अकरा गाड्यांच्या पावत्या निघाल्या होत्या, रजिस्टरात मात्र त्यांचा पत्ता नव्हता. शेतकरी चुकाऱ्यासाठी दारात उभे. काट्यावरचा पोरगा रडकुंडीला आलेला: “भाऊ, म्या सगळ्याइच्या पावत्या काढल्या, त्याइच्या हातात हायेत. मंग नोंद कुठी गेली?” दिवाणजी मात्र खुशीत होते. “आज त रजिस्टर दुपारीच मोकळं झालं बा, नाईतर रोज सात वाजेलोग वाट पाहा लागते.”

खरी गोम दिवाणजींच्या त्या वाक्यातच होती. काट्याचा प्रोग्राम सकाळी रजिस्टरची फाईल उघडून कुलूप लावायचा आणि काटा बंद होईपर्यंत सोडायचा नाही. मग ते दुपारी मोकळं झालं कसं?

काट्याच्या मशीनला यूपीएस होता, सर्व्हर इन्व्हर्टरवर होता. मधला नेटवर्क स्विच (मशीनच्या वायरी जोडणारी पेटी) मात्र गेटजवळच्या चौकीदाराच्या खोलीत, थेट लाइनवर. दुपारी लाइन गेली तेव्हा दोन्ही टोकं जिवंत होती, मधला रस्ताच मेला. दिवाणजींचं मशीन सर्व्हरच्याच खोलीत, दुसऱ्या स्विचवर, तेही इन्व्हर्टरवर.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत कुलूप म्हणजे मालकी नसते, मक्ता असतो. वावर मक्त्याने दिलं तर साल सरल्यावर मालक ते दुसऱ्याला देऊ शकतो. लिनक्सच्या सर्व्हरवर हे ‘साल’ मुळात ९० सेकंदांचं असतं. क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडलेलं मशीन, जिवंत असेल तर तो मुदतीच्या आत मक्ता नवा करत राहतो, वापरणाऱ्याला कळतही नाही. ९० सेकंद त्याच्याकडून काहीच आलं नाही, तर सर्व्हरला ते कुलूप काढून दुसऱ्याला द्यायची मुभा आहे. लिनक्सच्या ५.१९ आवृत्तीपासून (२०२२) सर्व्हर जरा दिलदार झाला आहे: मुदत संपली तरी दुसरा कोणी मागायला येईपर्यंत तो जुनं कुलूप तसंच ठेवतो. पण आमच्याकडे दिवाणजी मागायलाच बसले होते. त्यांना फाईल मिळाली, त्यांनी दुरुस्त्या केल्या आणि जतन केली.

इकडे काट्याच्या मशीनला वाटत होतं की कुलूप आपल्याचकडे आहे. लिहिलेलं लगेच सर्व्हरवर जात नाही, आधी मशीनच्या स्मरणात साठतं. प्रोग्राम लिहीत गेला, पावत्या छापत गेला, अकरा गाड्या झाल्या. मग लाइन आली, स्विच उठला, क्लायंटने सर्व्हरला हाक दिली आणि सर्व्हर म्हणाला, तुझी मुदत कधीच संपली. जुने लिनक्स क्लायंट अशा वेळी गुपचूप कुलूप परत घेऊन साठलेलं सगळं वर ओतायचे, मधल्या काळात दुसऱ्याने काय लिहिलं ते न पाहता. हल्लीचा क्लायंट मुळात तसं करत नाही. कुलूप गेलं असं मानतो आणि त्या कुलपाखाली साठलेल्या लिखाणाला चूक परत करतो. माझ्या मते हेच बरोबर आहे. पण ती चूक प्रोग्रामला कळते ती फाईल डिस्कवर पक्की करताना किंवा बंद करताना, आणि आमचा प्रोग्राम तिथे उत्तर तपासतच नव्हता. प्रोग्राम कोणी लिहिला ते जाऊ द्या.

त्या अकरा नोंदी पावतीपुस्तकाच्या कार्बन कॉपीवरून परत भरल्या. बिनतोड यंत्रणा शेवटी ती निळी कॉपीच ठरली.

तुमच्याकडे नोंदी गेल्या तेव्हा सर्व्हर बंद झाला होता की नुसता स्विच, हे आधी आठवून पहा. दोन्हींत फरक आहे.

सर्व्हरच बंद पडून परत उठतो तेव्हा कुलपांची यादी त्याच्या स्मरणातून पुसली गेलेली असते. कोणते क्लायंट जोडलेले होते एवढं तो डिस्कवर लिहून ठेवतो, पण कोणाकडे कोणतं कुलूप होतं ते नाही. म्हणून उठल्यावर तो सवलतीचा काळ पाळतो, तोही मुळात ९० सेकंद. आठवडी बाजारात पाऊस येऊन सगळे पळाले आणि उघडल्यावर परतले, तर आधी जुन्या दुकानदारांना आपापल्या जागी बसू द्यायचं, नवा मग, तसं समजा. या काळात जुन्या क्लायंटने ‘हे कुलूप माझं होतं’ म्हटलं तर ते मिळतं. नवं कुलूप मागणाऱ्याला ‘थांब’ असं उत्तर जातं. तुम्हाला दिसणारं दीड मिनिट ते हेच. ४.१ आवृत्तीत प्रत्येक क्लायंट ‘माझं मागून झालं’ असं कळवतो, त्यामुळे सगळे जुने परतले की सर्व्हर हा काळ लवकर संपवू शकतो. पण जुन्यांपैकी एक मशीन लाइनअभावी बंदच राहिलं असेल, तर पूर्ण ९० सेकंद जातात. हा आकडा सेटिंगमध्ये कमी करता येतो. करू नका. काट्याचं मशीन यूपीएसवर असलं तरी मधला स्विच उठायला वेळ लागतो, तोवर त्याची जागा दुसऱ्याला गेलेली असेल.

एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर असाल तर चौथीवर या. तिथे सर्व्हर फाईलींच्या बाबतीत काही लक्षातच ठेवत नाही. कुलपांसाठी वेगळी सेवा असते, तिच्यात मुदत नाही, आणि क्लायंट मेला आणि परत आलाच नाही तर त्याचं कुलूप तसंच लटकून राहतं.

आता तुम्ही विचारलं नाही, पण याला लागूनच असलेलं: दुसऱ्याने बदललेल्या फाईलचा जुना मजकूर दिसणं. एनएफएसचं वचन इतकंच आहे की एकाने फाईल बंद केल्यावर दुसऱ्याने उघडली, तर त्याला नवं दिसेल. उघडीच ठेवून बसलात तर क्लायंट फाईलची माहिती ३ ते ६० सेकंद आपल्या साठ्यातून देऊ शकतो. परत जोडल्यावर तो सर्व्हरला विचारतो, फाईल बदलली का. बदलली असेल तर साठा टाकून नव्याने वाचतो. कुलूप घेतानाही साठा असाच तपासला जातो. म्हणून कुलूप घ्या, लिहा, सोडा. सकाळी लावून संध्याकाळी सोडणं ही त्या प्रोग्रामची दुसरी चूक होती. आणि वैतागून एनएफएस ‘सॉफ्ट’ने (सर्व्हर बोलला नाही तर थोड्या वेळाने हार मानणाऱ्या पर्यायाने) जोडू नका. तसं केलं की अडकणं जातं, पण थोड्या वेळाने अर्धवट लिखाणाला चूक मिळते आणि प्रोग्राम ती गिळतो. ‘हार्ड’च ठेवा, अडकू द्या.

विंडोजच्या बाजूचा हिशेब वेगळा. तिथे सर्व्हर क्लायंटला साठवायची परवानगी देतो आणि दुसरा आला की ती परत मागतो. जोडणी क्षणभर तुटली तर एसएमबी (साम्बा आणि विंडोज ज्या भाषेत बोलतात ती) हिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून टिकाऊ हँडल आहेत: सर्व्हर उघडी फाईल काही काळ राखून ठेवतो, मध्ये कोणी आलं नाही तर क्लायंट जिथे होता तिथून चालू होतो. पण सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर ही हँडल गेली. त्यातून तगणारी वेगळी हँडल एसएमबी ३ मध्ये (२०१२) आली, ती क्लस्टरवाल्यांच्या (अनेक सर्व्हर एकत्र चालवणाऱ्यांच्या) कामाची.

तुमची खरी अडचण इथेच आहे. साम्बाला टिकाऊ हँडल द्यायची तर त्याच्या सेटिंगमध्ये पॉझिक्स कुलपं (लिनक्सची स्वतःची फाईल-कुलपं) आणि कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जोडलेले दोन पर्याय बंद ठेवावे लागतात. म्हणजे साम्बाची कुलपं एनएफएसला दिसत नाहीत. ते पर्याय चालू ठेवले तर टिकाऊ हँडल जातात. एकच रजिस्टर दोन्ही रस्त्यांनी उघडत असाल तर यातून सुटका नाही. रजिस्टरपुरते सगळे एकाच रस्त्याने आणा. उबंटूलाही साम्बाने जोडता येतं, चार मशीनसाठी मी तेच करीन.

‘दुसऱ्याने उघडली आहे’ हा निरोप लिब्रेऑफिसमध्ये येत असेल तर सर्व्हरचा त्यात बहुतेक काही दोष नाही. फाईलशेजारी ते एक छोटी लपवलेली फाईल बनवतं, तिच्यात उघडणाऱ्याचं नाव आणि वेळ असते. मशीन धाडकन बंद पडलं की ती मागे राहते. नाव वाचा, त्या माणसाला विचारा, त्याच्याकडे खरंच उघडी नसेल तर ती छोटी फाईल पुसून टाका. न विचारता पुसू नका.

आणि आज संध्याकाळी एवढं करा: सर्व्हरपासून काट्यापर्यंत वायर धरून चालत जा आणि मध्ये किती स्विच लागतात ते मोजा. त्या जिनिंगवर एकच होता. आता तो चौकीदाराच्या खोलीतच छोट्या यूपीएसवर आहे. चौकीदाराने त्यावर मोबाईल चार्जर लावला होता, तो काढायला मात्र मला दोनदा जावं लागलं.