दार आतून कोण उघडतं?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

‘ज्याला लाज नाही तोच राजकारणात वर जातो, मग आपल्यासारख्यांनी तिथे जाऊन करायचं काय?’ असं तू विचारलं आहेस. यातलं अर्धं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यापायी पत्र लांबणार, ते जमेल तसं वाच.

ज्यांचं मन त्यांना कधी खात नाही अशी माणसं असतात, आणि सगळीकडे असतात. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी कैद्यांचा अभ्यास करून अशी माणसं ओळखण्यासाठी २० मुद्द्यांची, ४० गुणांची एक सूची तयार केली. वरवरचं गोड बोलणं, सराईत खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या जिवावर जगणं असे ते मुद्दे. एकूण लोकांमध्ये हे प्रमाण शंभरात एखादं असावं, असा त्यांचा अंदाज. यातले बहुतेक जण सत्तेच्या आसपासही पोहोचत नाहीत. कित्येक तुरुंगात जातात, कित्येक घरच्यांना छळण्यात आयुष्य काढतात. ही माणसं प्रत्येक पिढीत आणि प्रत्येक देशात असणारच असतील, तर एखादा देश त्यांच्या हाती जातो आणि शेजारचा जात नाही, याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. मला ते दाराशी उभ्या असलेल्या शहाण्या, प्रतिष्ठित माणसांत सापडतं.

जर्मनीचंच बघ. हिटलरला जनतेने निवडून दिलं, असं लोक सहज बोलून जातात. जुलै १९३२ मध्ये त्याच्या पक्षाला ३७ टक्के मतं होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ती ३३ टक्क्यांवर आली. लाट ओसरायला लागली होती. नेमकं त्याच सुमारास फ्रान्झ फॉन पापेन या खानदानी माजी चॅन्सेलरने, म्हणजे पंतप्रधानाने, हिटलरला चॅन्सेलर करण्यासाठी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचं मन वळवलं. हिशेब सोपा होता: गर्दी त्याची, अक्कल आमची. ३० जानेवारी १९३३ ला मंत्रिमंडळ बनलं, त्यात हिटलर धरून नाझी तिघेच. बाकी सगळे जुने, भारदस्त लोक, आणि पापेन स्वतः उपचॅन्सेलर. दोन महिने व्हायच्या आत, २३ मार्चला, संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला.

३० जून १९३४ ला हिटलरने जुने हिशेब चुकते केले. हिटलरच्या आधीचा चॅन्सेलर श्लायशर याला त्याच्या बायकोसह राहत्या घरी गोळ्या घातल्या. पापेनच्या कचेरीतला हर्बर्ट फॉन बोझे मारला गेला, पापेनला भाषण लिहून देणारा एडगर युंगही मारला गेला, आणि खुद्द पापेन घरात नजरकैदेत. यानंतर काही आठवड्यांतच हा पापेन हिटलरचाच प्रतिनिधी म्हणून व्हिएन्नाला रुजू झाला! त्या सगळ्या काळ्याकुट्ट इतिहासात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हा तपशील. पापेन काही राक्षस नव्हता. आपली माणसं मारली गेल्यावरही ‘आपण आत असलेलं बरं’ असं स्वतःला पटवू शकणारा तो एक सुसंस्कृत माणूस होता.

हे इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य. ज्यांच्या संघटनेत तू जायचं म्हणतेस त्यांच्याबद्दल तू लिहितेस, ‘माणूस तसाच आहे, पण कामाचा आहे.’ १९३२ च्या हिवाळ्यात बर्लिनच्या दिवाणखान्यांत बोललं जात होतं ते याहून फार वेगळं नव्हतं. तुझे हे गृहस्थ हिटलर आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. वाक्य मात्र जपून वापर.

दुसरं उदाहरण थोडक्यात. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन रशियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला तेव्हा ते पद कारकुनी समजलं जायचं. नेमणुका, बदल्या, बैठकांचे कागद, यात कुणाला रस होता? गाजणारी भाषणं त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की करायचा. लेनिनने आजारपणात स्टालिनला या पदावरून हटवा असं लिहून ठेवलं होतं. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह या पक्षातल्याच बड्या नेत्यांनी मात्र ट्रॉट्स्कीला अडवायच्या नादात स्टालिनला वाचवलं. ऑगस्ट १९३६ मध्ये त्या दोघांनाही गोळ्या घातल्या. कुठल्याही संघटनेत गेलीस की व्यासपीठावर कोण बोलतं यापेक्षा नेमणुकांची यादी कोण करतं आणि इतिवृत्त कोण लिहितं ते आधी बघ.

आत आल्यावर असा माणूस काय करतो? तो निष्ठेवर विसंबत नाही, कारण निष्ठा म्हणजे काय हे त्याला फक्त ऐकून माहीत असतं. तो इतरांचे हात बरबटवतो.

२२ जुलै १९७९, बगदाद. सद्दाम हुसेन राष्ट्राध्यक्ष होऊन आठवडाही झालेला नाही. सभागृहात सत्ताधारी बाथ पक्षाचे शेकडो पदाधिकारी जमलेत, कॅमेरा चालू आहे. पक्षाच्याच एका वरिष्ठाला उभं करून त्याच्याकडून कटाची कबुली वदवून घेतली जाते. मग नावं पुकारायला सुरुवात होते. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं आणि पहारेकऱ्यांबरोबर बाहेर जायचं. सद्दाम व्यासपीठावर चिरूट ओढत बसलेला, मध्येच डोळे पुसतो. नावांमागून नावं जातात तसा उरलेल्यांचा धीर सुटतो. कुणीतरी उठून सद्दामचा जयजयकार करतो, मग दुसरा त्याहून मोठ्याने. ज्याचं नाव अजून आलेलं नाही त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. साठहून अधिक लोक त्या दिवशी बाहेर नेले गेले, त्यांतल्या २२ जणांना मृत्युदंड झाला. गोळ्या झाडायला लष्कराची तुकडी बोलावली नाही. पक्षातल्याच सहकाऱ्यांच्या हाती बंदुका दिल्या. चित्रफितीच्या प्रती मुद्दाम वाटल्या गेल्या. ज्याने त्या दिवशी बंदूक चालवली तो उद्या सद्दामच्या विरोधात कुठल्या तोंडाने बोलणार?

हे हुकूमशाहीत चालतं, निवडणुका होतात तिथे नाही, असं तुला वाटेल. मग दक्षिण अमेरिकेतल्या पेरूला ये. व्लादिमिरो मोंतेसिनोस हा सैन्यातून हाकललेला, तुरुंगात जाऊन आलेला माजी कॅप्टन. १९९० मध्ये फुजिमोरी राष्ट्राध्यक्ष झाले आणि हा गुप्तचर खात्याचा ‘सल्लागार’ म्हणून बसला. १९९२ मध्ये फुजिमोरींनी संसद बरखास्त केली होती, पण नंतर नवी राज्यघटना आली, संसद चालू, न्यायालयं चालू, वर्तमानपत्रं निघतायत. मोंतेसिनोस खासदार, न्यायाधीश, वाहिन्यांचे मालक यांना एकेक करून बोलवायचा, नोटांच्या गड्ड्या मोजून द्यायचा, सह्या घ्यायचा, आणि हे सगळं छुप्या कॅमेऱ्यात टिपून ठेवायचा. पैसे देणाराच पुरावा जपतोय! लाच हा निम्माच कार्यभाग होता, उरलेला निम्मा ती टेप करायची. पुढे दोन अर्थतज्ज्ञांनी या नोंदी तपासल्या, तेव्हा आढळलं की वाहिनीच्या मालकाचा भाव राजकारण्याच्या साधारण शंभरपट होता. न्यायाधीश तर त्याहूनही स्वस्त. समाज विकत घ्यायचा झाला तर नेमकं काय महाग पडतं, याचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कुणी ठेवलेला मला माहीत नाही.

केबलवरची एक छोटी वृत्तवाहिनी तेवढी विकत घेतलेली नव्हती. १४ सप्टेंबर २००० ला तिने एक टेप दाखवली: विरोधी पक्षाचा एक खासदार बाजू बदलण्यासाठी १५,००० डॉलर खिशात घालतोय. नोव्हेंबरमध्ये फुजिमोरींनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला. दहा वर्षांची बांधणी दोन महिन्यांत कोसळली. तुझ्या निराशेवर मला एवढंच सांगायचं आहे: अशी व्यवस्था बाहेरून दिसते तितकी घट्ट नसते, कारण तिच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरून असतो.

तरी समाजाचं नुकसान होतंच, आणि ते माणूस गेल्यावरही उरतं. आपल्याकडची म्हण आहे ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. सोकावतो म्हणजे काय ते ३० जुलै १९३७ च्या एका सोव्हिएत आदेशात दिसतं. गुप्त पोलिसांचा आदेश क्रमांक ००४४७. प्रत्येक प्रांताला आकडा ठरवून दिलेला: इतक्यांना गोळ्या, इतक्यांना छावणी. गोळ्या घालायच्या लोकांचा सुरुवातीचा कोटा सुमारे ७६,००० होता. मग प्रांतांकडून मॉस्कोला मागण्या जायला लागल्या की आमचा कोटा वाढवून द्या. या एका आदेशाखाली शेवटी साडेतीन लाखांहून अधिक लोक मारले गेले. कोटा वाढवून मागणारे सगळे जन्मजात क्रूर होते असं मानायला काही आधार नाही. कमी आकडा पाठवणाऱ्याचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि जास्त पाठवणाऱ्याचंही. चांगला अधिकारी मागे राहतो, नालायक वर सरकतो, हे दोनचार वर्षं चाललं की खात्याची जातच बदलते. पिळणाऱ्यालाही त्यातून सुटका नसते: मोहीम चालवणारा गुप्त पोलीसप्रमुख येझोव्ह याला १९४० मध्ये आणि त्याच्या आधीच्या यागोदाला १९३८ मध्ये त्याच यंत्रणेने संपवलं.

एक अप्रिय गोष्ट इथेच सांगतो. असल्या कामाला मन नसलेली माणसं पुरत नाहीत. शंभरात एक, ती पुरणार कशी? काम मन असलेलीच करतात. १३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या योझेफुव गावाबाहेर हाम्बुर्गच्या राखीव पोलीस बटालियनचे सुमारे ५०० लोक उभे होते. बहुतेक मध्यमवयीन, बायकामुलं असलेले. त्यांच्या मेजरने रडवेल्या आवाजात काम सांगितलं, गावातल्या ज्यूंना मारायचं, आणि ज्याला जमणार नाही त्याने बाजूला व्हावं, असंही सांगितलं. सुरुवातीला बाजूला झाले डझनभर. त्यांना शिक्षा झाली नाही. संध्याकाळपर्यंत सुमारे १,५०० माणसं मारली गेली. गोळ्या झाडणाऱ्यांतल्या कित्येकांना नंतर आयुष्यभर झोप लागली नसेल, पण त्या दिवशी रांगेतून एकट्याने बाहेर पडणं त्यांना बंदूक चालवण्याहून अवघड वाटलं.

एकट्याने, हा शब्द मी उगाच लिहिलेला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली मिलग्राम यांनी येल विद्यापीठात जे प्रयोग केले, त्यातला एक सगळ्यांना माहीत असतो: करड्या कोटातला प्रयोगकर्ता सांगतो म्हणून ४० पैकी २६ जणांनी शेजारच्या खोलीतल्या माणसाला, त्यांच्या समजुतीप्रमाणे, ४५० व्होल्टपर्यंत झटके दिले. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगाची आठवण मात्र कमी लोक काढतात. त्यात शेजारी बसलेल्या दोघांनी ‘आम्ही पुढे करणार नाही’ म्हणून हात काढून घेतले. तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी ४.

नॉर्वेच्या शिक्षकांना हे प्रयोगाशिवाय कळलं होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये नाझींच्या तालावर चालणाऱ्या क्विसलिंगच्या सरकारने शिक्षकांसाठी सक्तीची संघटना काढली. देशातले सुमारे १२,००० शिक्षक. त्यातल्या बहुसंख्यांनी एकाच मजकुराचं पत्र, आपापल्या सहीनिशी, टपालाने पाठवून दिलं: मी सदस्य होणार नाही. हजाराहून अधिक जणांना अटक झाली, पाचशेहून अधिक जणांना पार उत्तरेला किर्केनेसला सक्तमजुरीवर पाठवलं. पगार थांबले, थंडी, उपासमार, सगळं झालं. वर्ष संपण्याआधी ते घरी परतले आणि ती संघटना कागदावरच राहिली.

आता एक सावधगिरी. हे वाचून तू प्रत्येक विरोधकावर ‘याला विवेकच नाही’ असा शिक्का मारायला लागशील, तर मला वाईट वाटेल. लांबून निदान करणं हा अपमानाचाच एक प्रकार आहे, आणि ते हत्यार फिरून कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. सोव्हिएत सत्तेने जनरल ग्रिगोरेन्कोसारख्या विरोधकांना वेडे ठरवूनच इस्पितळात डांबलं होतं. समोरच्याचं मन तुला दिसणार नाही. त्याचं वागणं दिसेल, तेवढ्यावर ठरव. ज्याच्याकडून त्याला काहीच मिळायचं नाही त्याच्याशी तो कसा बोलतो. चूक उघडी पडली की कुणाला पुढे करतो. एकच गोष्ट दोन जणांना दोन तऱ्हेने सांगतो का. आणि तो तुझ्यासमोर तिसऱ्याची गुपितं सांगत असेल, तर तुझी कुणासमोर सांगत असेल हे ओळख.

तू जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. तुझ्यासारख्यांनी जागा सोडली तर ती रिकामी राहणार नाही. पण जाताना पोटापाण्याची सोय त्या संघटनेच्या बाहेर ठेव. ज्याला राजीनामा परवडत नाही त्याचं ‘नाही’ कुणी मनावर घेत नाही. काय केलं जाणार नाही याची तुझी यादी आत्ताच, कुणी काही मागायच्या आधी लिही, आणि तिथल्या निदान दोघांना दाखव. मोठं पाप कुणी पहिल्या दिवशी मागत नाही. सुरुवात मागच्या तारखेची सही, न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त, एखाद्याला यादीतून गाळताना गप्प बसणं अशा किरकोळ कामांनी होते. ‘तू आपली म्हणून सांगतोय’ हे शब्द आले की काम लेखी माग.

आणि होकार कळवण्यापूर्वी एक चौकशी कर. गेल्या दोनतीन वर्षांत त्या संघटनेतून कोण कोण बाहेर पडलं, ते शोध. त्यातल्या दोघा-तिघांना प्रत्यक्ष भेट. फोनवर लोक मोकळं बोलत नाहीत. ते काय सांगतात ते मला कळव, मग पदाचं बोलू.

तुझा,
काका