गावच्या वाचनालयाला राज्याकडून वर्षभरात नेमकं काय मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे शासनाच्या ‘अ’ ते ‘ड’ या प्रतवारीतलं सगळ्यात खालच्या वर्गाचं वाचनालय आहे, जुनी मंडळी थकली म्हणून तुम्हाला कार्यकारिणीवर घेतलं, आणि पहिल्याच सभेत एक सभासद उठून म्हणाले, “सरकार दरवर्षी पैसे देतं, ते जातात कुठं?” तेव्हा राज्याचं ग्रंथालय खातं आपल्यासारख्यांना वर्षाकाठी नक्की काय देतं, हे तुम्हाला हवंय. मी एका ‘ब’ वर्गाच्या वाचनालयाचा चौदा वर्षं कार्यवाह होतो. हाच प्रश्न मलाही सभेत विचारला गेला होता, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

आधी पैशांचं बघू, कारण त्या सभासदाला तेच ऐकायचंय. २०१२ मध्ये दर ठरले तेव्हा ‘ड’ वर्गाला वर्षाला ३०,००० रुपये होते. मग दहा वर्षं त्यात काहीच हललं नाही. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ मंजूर झाली आणि ते ४८,००० झाले. जिल्हा पातळीवरच्या ‘अ’ वर्गाचे ७,२०,००० होते, त्याचे ११,५२,००० झाले. आता त्या दरानं ४८,०००चा हिशेब करा. निम्मी रक्कम वेतनावर, निम्मी वेतनेतर खर्चावर. म्हणजे ग्रंथपालाच्या वाट्याला वर्षाचे २४,०००, महिन्याचे २,०००. रोज संध्याकाळी कुलूप उघडणं, झाडून घेणं, पेपर लावणं, पुस्तकांची देवघेव, रजिस्टरं, सगळं त्यात आलं. उरलेल्या २४,०००मध्ये चार दैनिकं घेतलीत तरी महिन्याला सात-आठशे रुपये जातात. मग वीजबिल, बांधणी, स्टेशनरी, हिशेबतपासनिसाची फी, आणि राहिलं त्यात पुस्तकं. आजच्या किमतीत एक बऱ्यापैकी कादंबरी चारशेच्या खाली येत नाही. तेव्हा पैसे जातात कुठं, तर इथंच जातात. आणि दरांच्या तक्त्यातला आकडा ही कमाल मर्यादा असते हेही सांगा. मान्य खर्च कमी भरला तर अनुदानही कमी बसतं. रक्कम दोन हप्त्यांत येते आणि मधल्या महिन्यांत पेपरवाल्याला थांबवणं हे कार्यवाहाचं काम.

या अनुदानाचं कागदोपत्री नाव आहे ‘परिरक्षण अनुदान’. मला तो शब्द कळायला तीन वर्षं लागली. परिरक्षण म्हणजे आहे ते टिकवणं. वाचनालय वाढवायला हे पैसे नाहीतच. ते बंद पडू नये एवढ्यापुरते आहेत. वाढीसाठी जे मिळतं त्याची दारं वेगळी आहेत, आणि ती आपण ठोठावल्याशिवाय उघडत नाहीत.

हे असं का, याचं कारण आपल्या कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा, आणि त्यानुसार १९६८ च्या मे महिन्यात ग्रंथालय संचालनालय, म्हणजेच हे अनुदान देणारं खातं, उभं राहिलं. (कोल्हापूर संस्थानानं मात्र १९४५ मध्येच असा कायदा केला होता. कोल्हापूरकर भेटला की ही गोष्ट तुम्हाला ऐकवणारच.) कायदा येईपर्यंत आपल्याकडची वाचनालयं म्हातारी झाली होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. लोकांनी वर्गणी काढून उभारलेल्या या संस्था शासनानं ताब्यात घेतल्या नाहीत. त्यांना मान्यता देऊन मदत करायची, अशी रीत ठरवली. तमिळनाडू आणि कर्नाटकात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर असतो, त्यातून ग्रंथालयांचा खर्च निघतो. आपल्याकडे असा उपकर नाही. पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो, त्यामुळे दर वाढायला दहा-दहा वर्षं लागतात. आपल्या रीतीचा फायदा असा की वाचनालय गावाचं राहतं. तोटा असा की ग्रंथपाल धड शासनाचा नोकर नाही आणि धड गावाचाही नाही. सेवकांच्या वेतनश्रेणीसाठी समित्या नेमल्या गेल्या, व्यंकप्पा पत्की समितीचं नाव तुम्ही कोणत्याही ग्रंथालय अधिवेशनात ऐकाल. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतली खरी दुखरी जागा हीच आहे.

आता वर्षाचा फेरा. मार्च संपला की वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण, ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे. मग कधीतरी तपासणी. तपासणीत पाहतात ते ग्रंथसंख्या, सभासद, येणारी दैनिकं-मासिकं, उघडण्याच्या वेळा, देवघेव, आणि सगळ्यात आधी दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवायचं ती वही. माझ्या पहिल्या तपासणीची गोष्ट सांगतो. गावातले एक निवृत्त शिक्षक वारले, घरच्यांनी त्यांची साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं आम्हाला दिली. आम्ही मोठ्या हौसेनं ती पुसून कपाटात लावली, फळा लिहिला, हार घातला. नोंद मात्र राहिली. तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाटं मोजली आणि म्हणाले, “नोंदवहीपेक्षा पुस्तकं जास्त आहेत.” मी म्हटलं, “जास्त आहेत, कमी तर नाहीत ना!” ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की नोंद नसलेलं पुस्तक उद्या कुणी घरी नेलं तर ते हरवलं हे तुम्हाला कळणार कसं? तो शेरा अहवालात आला आणि आम्ही चौघांनी आठ दिवस रात्री बसून नोंदी केल्या. तेव्हा राग आला होता. पण त्या नोंदी करताना शिक्षकांच्या पुस्तकांत आमच्याच वाचनालयाचे शिक्के असलेली अकरा पुस्तकं निघाली, ती कधी गेली होती ते कुणालाच आठवत नव्हतं.

देवघेव रजिस्टरचंही तसंच. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या की तपासणाऱ्याला ते लांबून कळतं. रोजच्या रोज लिहा. कमी असली तरी खरी नोंद बरी.

हे एवढं का सांगतोय, तर २०१२ च्या मे महिन्यात महसूल यंत्रणेमार्फत राज्यातल्या सगळ्या मान्य वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावर चालणारी वाचनालयं होतीच, नाही कशाला म्हणू? कुणाचा वर्ग उतरला, कुणाची मान्यता गेली. आणि त्यानंतर नवीन मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही कितीतरी वर्षं थांबल्या. ज्यांच्याकडे ‘क’ वर्गाएवढी पुस्तकं आणि सभासद होते ते ‘ड’मध्येच अडकले. २०१२च्या दरानं गावपातळीवरच्या ‘क’ वर्गाला ९६,००० होते, म्हणजे ‘ड’च्या तिपटीहून जास्त. तुमची मान्यता शाबूत आहे ही लहान गोष्ट नाही, ती निष्काळजीपणानं घालवू नका.

आता त्या दुसऱ्या दारांकडे येऊ. कोलकात्याला राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, केंद्र शासनाचं, १९७२ पासूनचं. आपल्या लोकांत त्याला नुसतं ‘राममोहन रॉय’ म्हणतात, “राममोहन रॉयची पुस्तकं आली का?” असं. त्याच्या योजना दोन प्रकारच्या. एक समान निधीची: राज्य आपला हिस्सा घालतं, प्रतिष्ठान आपला घालतं, आणि त्यातून घेतलेली पुस्तकं जिल्ह्यामार्फत वाचनालयांना वाटली जातात. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाची स्वतःची खरेदी तुटपुंजी असते, त्यामुळे हा गठ्ठा म्हणजे दिवाळीच. काही पुस्तकं तुमच्या वाचकांच्या उपयोगाची नसतील, पण चांगले कोश, चरित्रं, बालसाहित्य यातूनच येतं. आमचं बालविभागाचं कपाट जवळपास सगळं यावर उभं राहिलं. आणि ही पुस्तकंही आधी दाखल नोंदवहीत, मग कपाटात!

दुसरा प्रकार असमान निधीचा. इमारत वाढवायची आहे, कपाटं-रॅक हवेत, लहान मुलांचा कोपरा करायचाय, तर त्यासाठी अर्ज करावा लागतो, तोही संचालनालयामार्फत. यातच एक योजना आहे महोत्सवी वर्षाची: वाचनालयाला ५०, ६०, ७५, १००, १२५ किंवा १५० वर्षं झाली की साहाय्य मिळू शकतं. आमच्या वाचनालयाची पंचाहत्तरी आम्ही दणक्यात केली. मांडव, व्याख्यानं, स्मरणिका, सगळं वर्गणीतून, आणि शेवटी मंडपवाल्याचे पैसे तीन जणांनी खिशातून दिले. अशी योजना असते हे मला दीड वर्षानं एका लग्नात शेजारच्या गावच्या कार्यवाहांकडून कळलं, तेही जेवणाच्या पंगतीत. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. तेव्हा तुमचं स्थापना वर्ष आजच काढून बघा.

बाकीचं भराभर सांगतो. ग्रंथपालासाठी प्रमाणपत्र वर्ग असतो, तो जिल्हा ग्रंथालय संघाकडे चौकशी केली की कळतो. तुमचा ग्रंथपाल अप्रशिक्षित असेल तर त्याला जरूर पाठवा, वर्गणीतून फी भरून पाठवा. शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, खरेदीला ती हाताशी ठेवावी, पण तिच्यातच अडकू नये. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो, त्यात ग्रंथदिंडी निघते, भाषणं लांबतात, पण पुस्तकांच्या दालनात सवलत मिळते आणि अधिकारी जागेवर सापडतात. उत्कृष्ट ग्रंथालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा पुरस्कार आहे, कार्यकर्ते आणि सेवकांसाठी डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा; त्यात ‘ड’ वर्गालाही जागा असते.

एक गल्लत मात्र करू नका. तुम्ही प्रश्नात ‘राज्याचं ग्रंथालय’ म्हटलंय. मुंबईच्या टाऊन हॉलशी ज्याचं नातं आहे ते राज्य मध्यवर्ती ग्रंथालय वेगळं, आणि अनुदान देणारं संचालनालय वेगळं. मध्यवर्ती ग्रंथालयाकडे १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकांनी आपल्या पुस्तकाची प्रत पाठवायची असते; ती जपून ठेवण्याची जागा आहे. तुमचा रोजचा संबंध जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी. त्यांच्या कार्यालयात वर्षातून एकदा नुसतं अहवाल द्यायला जाऊ नका, एरवीही जाऊन बसा. कोणत्या योजनेचे अर्ज सुरू आहेत हे तिथल्या टेबलावर कळतं.

आणि ते सभासद, ज्यांनी सभेत विचारलं? त्यांना ४८,०००चा हिशेब कागदावर मांडून दाखवा. मग पुढच्या रविवारी सकाळी त्यांना बोलवा, दाखल नोंदवही त्यांच्या हातात द्या आणि कपाट क्रमांक एकपासून मोजायला सांगा. चहा तुम्ही पाजा.