पुणे विद्यापीठाच्या आवारात पाट्या अनेक, पण पदवी कोणाची?

एम.ए. किंवा एम.एस्सी. करून पुढे पीएच.डी. करायची आहे, पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात विभाग कुठला आणि स्वतंत्र संस्था कुठली हेच कळेना, असं तुम्ही विचारलंय. तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे. गणेशखिंडीतल्या ४११ एकरांत दोन वेगवेगळ्या प्रकारची ठिकाणं शेजारीशेजारी आहेत, तिसरा प्रकार आवाराबाहेर आहे, आणि प्रवेशाची वाट प्रत्येकाची निराळी आहे.

पहिला प्रकार विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचा: भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल, मराठी, मानववंशशास्त्र, संरक्षण व सामरिकशास्त्र वगैरे. इथली एम.ए., एम.एस्सी. थेट विद्यापीठाची. ललित कला केंद्रही याच प्रकारात येतं. तिथे नाट्य, संगीत आणि नृत्य शिकवतात, त्यामुळे प्रवेशात सादरीकरणाला महत्त्व असतं. फक्त पदवीचे गुण घेऊन गेलं तर निभाव लागत नाही. परकीय भाषांचा विभाग आवारात शोधू नका, तो फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

दुसरा प्रकार आवारातल्या स्वतंत्र राष्ट्रीय संस्थांचा, आणि बहुतेक जण फसतात ते इथेच. उदाहरणाला खगोलशास्त्र घ्या. भौतिकशास्त्र विभाग विद्यापीठाचा, आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) स्वायत्त संस्था, आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. नारायणगावजवळच्या खोडदची, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण एनसीआरए चालवते, आणि तिथल्या पीएच.डी.ची पदवी टाटा संस्थेची असते. या दोन्ही संस्थांत विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) देऊन शिरता येत नाही. त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात आणि जेस्टसारख्या (भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थांची सामायिक चाचणी) राष्ट्रीय परीक्षेतून निवड होते. विद्यापीठाच्या अधिसूचनेची वाट बघत बसलं तर इथली वर्षाची संधी जाते. याउलट एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. संस्था केंद्र सरकारची, निवडही तिचीच, पण संशोधक विद्यार्थ्यांची नोंदणी पुणे विद्यापीठात होत आली आहे. म्हणून प्रत्येक दारात दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: निवड कोण करतं, आणि पदवी कोण देतं?

तिसरा प्रकार आवाराबाहेरचा. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतली संलग्न महाविद्यालयं आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं यात येतात. जैवविज्ञानातली आघारकर संशोधन संस्था अशा केंद्रांपैकी एक. एखाद्या विषयाचा पुण्यातला सर्वात चांगला गाइड विभागात नसून महाविद्यालयात असू शकतो, आणि पदवी तीच मिळते. गोखले इन्स्टिट्यूट आणि डेक्कन कॉलेज मात्र या यादीत धरू नका. दोन्ही अभिमत विद्यापीठं आहेत, स्वतःची पदवी देतात. पुरातत्त्व किंवा भाषाविज्ञान करायचं असेल तर येरवड्याला डेक्कन कॉलेजात एकदा जाऊन याच. संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम तिथे १९४८ पासून चालू आहे. त्यासाठी जमवलेल्या चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात आहे. पीएच.डी.च्या तीन-चार वर्षांत न मावणारं संशोधन कसं असतं, ते त्या कपाटांसमोर उभं राहिल्यावर समजतं.

आता विभाग निवडायचा कसा? विषयाच्या नावावरून निवडू नका. शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) उघडा, विद्यापीठाचं नाव, मग विभाग, आणि गाइडच्या नावाने मागच्या दहा वर्षांतले प्रबंध काढा. शीर्षकं वाचलीत की त्या विभागात खरं काय चालतं ते दिसतं. पदार्थविज्ञान म्हणून गेलेल्याला सगळीकडे पातळ थर आणि नॅनोकणच दिसले, आणि त्याला करायचं होतं सैद्धांतिक काम, तर ते आधीच कळलेलं बरं. नोंदणीची आणि प्रबंध सादर केल्याची तारीख मिळाली तर त्या गाइडकडे साधारण किती वर्षं लागतात तेही समजतं. प्रयोगशाळेच्या विषयांत आणखी एक गोष्ट विचारा: लागणारं उपकरण विभागात आहे, की नमुने बाहेर पाठवावे लागतात? नमुने बाहेर जात असतील तर रांग आणि शुल्क दोन्ही तुमच्या वेळापत्रकात धरा.

मानव्यशाखेत उपकरणाची जागा साधनं घेतात. पेशवाईवर काम करायचं म्हणणाऱ्याला पेशवे दफ्तर (पेशवेकालीन कागदपत्रांचा संग्रह) पुण्यातच आहे ही मोठी सोय आहे, शिवाय भारत इतिहास संशोधक मंडळही आहे. पण ही कागदपत्रं ज्या जुन्या लिपीत आहेत ती मोडी वाचता येत नसेल तर पहिलं वर्ष लिपी शिकण्यातच जातं. मोडी एम.ए. करतानाच शिकून घ्या.

एम.ए., एम.एस्सी. आता ८८ श्रेयांकांची (क्रेडिट) आहे आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. तो प्रकल्प उरकून टाकू नका. पीएच.डी.च्या मुलाखतीत सर्वात जास्त प्रश्न त्यावरच येतात.

पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०२२ चे नियम लागू आहेत. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं तर ७५ टक्के. राखीव गटांना दोन्हीकडे ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात, आणि विषयात हुशार असलेली मुलं नापास होतात ती याच भागात. लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. नंतर किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, त्यातही ५५ टक्के लागतात. नियमाने मुदत किमान ३, कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळू शकतात, स्त्रियांना त्यावर आणखी २. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रात्यक्षिकं किंवा पेपर तपासणीचं काम दिलं जाऊ शकतं. ते ओझं समजू नका. प्राध्यापक व्हायचं असेल तर शिकवण्याची खरी तालीम तिथेच होते. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. नसेल तर खर्चाची सोय आधी लावा, कारण मधे सोडून जाणाऱ्यांत पैशामुळे सोडणारे फार असतात.

मुलाखतीत संशोधनाचा विषय नाकारला जातो तो बहुधा रुंदीमुळे. ‘पुणे जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रियांची आर्थिक स्थिती’ हा विषय नव्हे, ते क्षेत्र झालं. एक तालुका, एक पीक, ठरावीक वर्षं, माहिती कुठून मिळणार आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय, हे पाच धागे एका वाक्यात बसले की समितीला पुढचं विचारता येतं.

गाइडच्या जागाही मोजून घ्या. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नावाजलेल्या माणसाच्या मागे वर्षभर थांबून शेवटी हेच कारण कळण्यापेक्षा पहिल्याच मेलमध्ये विचारा. तो मेल लहान ठेवा: तुमची पदवी आणि गुण, एम.ए. किंवा एम.एस्सी.चा प्रकल्प दोन ओळींत, त्यांचा कोणता लेख वाचलात आणि त्यातलं काय पुढे न्यावंसं वाटतं, आणि यंदा जागा आहे का. लेख खरोखर वाचून लिहिलेल्या मेलला उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त असते.